नावाड्याच्या मुलीनं वल्हं का टाकलं

समस्त रसिक मायबापहो! ठाणे, कळवा, डोंबिवली आणि कल्याण येथील तमाम सुजाण नागरिकहो! जाहीर करण्यास अत्यंत खेद होतो की, कृष्णधवल काळातल्या एका बोलपटाचा जो शेवट गेली सहा वर्षं आपल्यापैकी बरेच जण डोळे पुसत ऐकत आलात, तो त्या बोलपटाचा शेवट नव्हताच. तो डोंबिवली पूर्वेला, एका सोसायटीच्या हॉलमध्ये, रविवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, बटाटावडा खाता खाता तयार झाला. तयार करणारा इसम मीच. सदर इसमास पश्चात्ताप झालेला आहे, पण फार नाही.

आता नीट सांगतो.

आमचं एक मंडळ आहे, जुने बोलपट बघणाऱ्यांचं. दर रविवारी दुपारी चारला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तीस-पस्तीस जण जमतो, खिडक्यांचे पडदे ओढतो आणि भिंतीवर एक बोलपट लावतो. 'मूव्ही' म्हणायचं नाही. जो म्हणेल त्यानं सगळ्यांसाठी चहा करायचा. मध्यंतर झालंच पाहिजे, मग बोलपट पेन ड्राइव्हवरचा का असेना. त्यासाठी आमचे अध्यक्ष पिशवीतून पितळी घंटा काढून वाजवतात. अध्यक्ष कोपरीचे, बँकेतून निवृत्त झालेले. घंटा त्यांच्या देवघरातली, त्यामुळे रविवारी ते घरी पोचेपर्यंत त्यांचे देव घंटेवाचून ताटकळत बसतात.

एक दांपत्य घोडबंदर रोडवरून येतं. ते अडीचला निघतात आणि रहदारीतून सुटून बरोबर मध्यंतराला, वड्यांच्या ताटापाशी प्रकट होतात. इतक्या वर्षांत त्यांनी एकाही बोलपटाचा पूर्वार्ध पाहिलेला नाही. नायिका कुणाची मुलगी, खलनायकाचा राग कशावरून, हे त्यांना कधीच ठाऊक नसतं; पण शेवटचा हुंदका सगळ्यात मोठा त्यांचाच.

आणि कळव्याचे शेठ. त्यांचे आजोबा मिठागरात राबले, वडिलांनी भात लावला, आणि त्या भाताच्या जागी आता बावीस मजली इमारत उभी आहे. प्रोजेक्टर त्यांनीच दिला. मोबदल्यात फक्त एक अट घातली: पहिल्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची त्यांची, कारण त्यांना बोलपटात झोप लागते आणि भिंतीला डोकं टेकता येतं.

लोक विचारतात, त्या जुन्या सिनेमांत तुम्हाला एवढं दिसतं काय? काय दिसतं! एका कुंपणाच्या आत अख्खं राज्य दिसतं. राजवाडा तिथेच, झोपडी तिथेच, नदीही तिथेच खणलेली. आकाश कापडाचं, आणि नीट बघितलं तर त्याला घडी पडलेली. पाऊस फक्त नायक-नायिकेवर पडतो, मागे उभ्या बैलाचं शेपूटही भिजत नाही. नटमंडळी महिन्याच्या पगारावर असायची, त्यामुळे गेल्या रविवारचा सम्राट या रविवारी नायिकेच्या घरी पाणी भरताना सापडतो. तो सापडला की आमच्यातला कुणीतरी अंधारात ओरडतो, "महाराज! काय ही अवस्था!" आणि सगळा हॉल मुजरा करतो. हे सुख नव्या सिनेमात नाही. नव्या सिनेमात डोंगर खरा असतो. खऱ्या डोंगराचं काय कौतुक करायचं? तो मी रेल्वेलाइनच्या पलीकडे रोज बघतो.

ही बाधा मला वडिलांकडून झाली. लहानपणी शनिवारी टीव्हीवर मराठी सिनेमा लागायचा. तो जुना निघाला की शेजारची मुलं उठून जायची आणि वडील मला मांडीशी ओढून म्हणायचे, "आता बघ, हा माणूस नुसती भुवई उचलेल." तो नुसती भुवई उचलायचा आणि वडील टाळी वाजवायचे. पन्नाशी उलटली, मी अजून भुवयांनाच टाळ्या वाजवतो.

तर त्या शेवटाची गोष्ट. कल्याणला स्टेशनजवळ एका रद्दीवाल्याकडे जुन्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात मला एक पुस्तिका मिळाली. जुन्या काळी बोलपटाबरोबर अशा पुस्तिका विकत. आठ-दहा पानं, गुलाबी कागद, आत सगळी गाणी आणि बोलपटाची कथा. पण कथा अर्धीच! ऐन रंगात आणून सोडायची आणि खाली छापायचं: बाकीचं पडद्यावर पाहा. हा त्यांचा धंदाच होता. ज्या बोलपटाची ही पुस्तिका, तो मात्र आता जगात कुठेच नाही. तेव्हाच्या फितीत चांदी असायची. ती काढण्यासाठी लोकांनी कित्येक बोलपटांच्या फिती धुऊन टाकल्या. आमचाही त्यातच गेला असणार. म्हणजे अर्धी कथा माझ्या हातात, आणि उरलेली कुणाच्या तरी पैंजणांत.

कथा अशी. नदीकाठी एक आंधळा नावाडी, त्याची मुलगी नाव चालवते. गावातला एक तरुण गिरणीत नोकरीला मुंबईला जातो. निघताना आपला फेटा तिला दाखवून म्हणतो, हाच बांधून परत येईन, लांबूनच ओळखशील. चार पावसाळे जातात. एक दिवस पैलतीरावर तोच फेटा दिसतो. ती नाव घेऊन जाते. माणूस मान खाली घालून नावेत बसतो, बोलत नाही. ऐन मध्यधारेत मुलगी हातातलं वल्हं टाकून देते. आणि पुस्तिका विचारते: 'फेट्याआडचा तो इसम कोण? नावाड्याच्या मुलीनं वल्हं का टाकलं? या प्रश्नांची उत्तरं रुपेरी पडद्यावरच मिळतील.'

सहा वर्षांपूर्वीच्या एका रविवारी मध्यंतरानंतर आमचा पेन ड्राइव्ह बिघडला. हॉल भरलेला, वडे संपत आलेले, लोक चपला शोधू लागलेले. अध्यक्षांनी माझ्याकडे केविलवाणं पाहिलं. मी वडा हातात घेऊनच उभा राहिलो आणि त्या पुस्तिकेतली कथा सांगायला लागलो. आवाज लावून, हातवारे करून, वल्हं म्हणून अध्यक्षांची छत्री फिरवत. मध्यधारेत आलो. छत्री खाली टाकली. थांबलो. आता "पुढचं कुणालाच माहीत नाही" असं सांगायचं, एवढंच बाकी होतं.

"मग?" अध्यक्ष म्हणाले.

पस्तीस तोंडं उघडी होती. शेठसुद्धा जागे होते. अशा वेळी जो माणूस खरं बोलू शकतो तो संत असतो, आणि मी डोंबिवलीत फ्लॅट घेऊन राहणारा विमा सर्व्हेयर आहे.

"मग," मी म्हणालो, "मुलगी त्याच्या तोंडाकडे बघतच नाही. ती बघते तो बसलाय कसा. एक खांदा खाली, एक गुडघा वर, नावेच्या डाव्या कडेला रेलून. तसं गावात एकच जण बसायचा. चार वर्षं याला एक पत्र टाकता आलं नाही, आणि आज मान खाली घालून बसलाय! ती वल्हं त्याच्या पायापाशी टाकते. म्हणते काहीच नाही. तो मुकाट्यानं वल्हं उचलतो आणि नाव चालवायला लागतो. इकडे घाटावर आंधळा बाप कान देऊन उभा. तो हळूच म्हणतो, 'आज वल्ह्याचा आवाज वेगळा येतोय.' आणि हसतो. समाप्त."

घोडबंदरच्या वहिनींचा हुंदका फुटला. टाळ्या थांबेनात. अध्यक्षांनी सगळं वहीत टिपून घेतलं आणि जवळ येऊन म्हणाले, "पण तुम्हाला हे कुठून कळलं?"

"माझ्या मावशीआजीनं पाहिला होता," मी म्हणालो. "तिनं सांगितलं."

घरी येताना बायको जिन्यातच थांबली. "मावशीआजीनं? अहो, ती माऊली सिनेमाचं पोस्टर दिसलं तर रस्ता बदलायची!"

"हळू बोल."

"आता बघा हं. एक दिवस ही मावशीआजी तुमच्या मानगुटीवर बसणार."

पण बसली नाही. उलट शेवट पसरत गेला. दर वर्षी फर्माईश व्हायची. आमच्यात कुणी उशिरा आलं, कुणाची सून रुसून परत आली, कुणाच्या दुरुस्त झालेल्या स्कूटरचा आवाज बदलला, की कुणीतरी म्हणायचंच, "आज वल्ह्याचा आवाज वेगळा येतोय." यंदा मंडळाला दहा वर्षं झाली. अध्यक्षांनी स्मरणिका काढायची ठरवलं, आणि तिच्यात पहिला लेख कोणता? 'एका हरवलेल्या बोलपटाचा शेवट.' खाली टीप: प्रत्यक्ष पाहणाऱ्या व्यक्तीच्या सांगण्यावरून. एक प्रत ते पुण्याला, जुन्या सिनेमांचा अभ्यास करणाऱ्यांकडे पाठवणार होते. सोमवारी मजकूर छापखान्यात जायचा होता.

आणि आदल्या बुधवारी शेठचा फोन आला.

"दादा, खूश व्हाल! तुमचे त्या बोलपटाचा साक्षीदार गावला!"

मी खुर्चीत बसलो. "कोण?"

"आमची आत्या. माजे बापसाची बहीण. नव्वदीच्या पुढं हाय, पन डोकं एकदम टाइट. तिचे बापसाचे जागेत तंबूचा सिनेमा लागायचा, तवा घरच्या मानसांना फुकट. एकच बोलपट तिनं सात वेला बघितला. मी सहज तुमची गोष्ट काढली, नावाडी बोललो, फेटा बोललो, तर बोलते, याद हाय मना! रविवारी घेऊन येतो. अध्यक्षांना सांगितलं, ते तर नाचायला लागले."

अध्यक्ष नाचायला लागले होते हे खरंच. त्यांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं होतं: दुसरा साक्षीदार. नोंद पक्की होणार. सर्वांनी वेळेवर यावे. घोडबंदरच्या मंडळींनी कृपया सकाळीच निघावे.

बायकोनं फोनमधला तो संदेश मला मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाली, "आली बघा मावशीआजी."

मी अध्यक्षांना खरं सांगायला गेलो होतो, हे नमूद करतो. गुरुवारी कोपरीला गेलो. त्यांनी दार उघडलं ते हातात मजकुराचे कागद घेऊनच. म्हणाले, "बँकेत पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या. आयुष्यात एक तरी गोष्ट स्वतः शोधून, तपासून मागे ठेवावी असं वाटायचं. ती तुमच्यामुळे होतेय." मग काय सांगणार? चहा पिऊन आलो.

शनिवारी पेढे घेऊन कळव्याला गेलो. विचार असा की आत्याबाईंचा शेवट आधीच ऐकून घ्यावा, थोडाफार फरक असेल तर माझा शेवट रविवारी हळूच वाकवून घ्यावा. त्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. काष्ट्याचं लुगडं, कानात जड सोनं, समोर टीव्हीवर कुस्ती.

"बाला, तूच का तो गोष्टी सांगनारा?"

"हो. म्हटलं, उद्याच्या आधी जरा तुमच्याकडून…"

"आज नाय." त्यांनी पेढा तोंडात टाकला. "उद्या. सगल्यांचे म्होरं. बोलावलंय मना तर मान घेऊनच सांगनार. तिथं वडे असतात ना?"

रविवारी हॉल खच्चून भरला. घोडबंदरचं दांपत्य पावणेचारलाच हजर होतं, आयुष्यात प्रथमच. आत्याबाईंना पहिल्या रांगेत, शेठच्याच कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. अध्यक्ष समोर टेबल-खुर्ची घेऊन बसले, फाइल उघडली, पेनचं टोपण काढलं. मी दारापाशी उभा राहिलो. तिथून जिना जवळ.

आणि त्या सांगायला लागल्या. काय सांगत होत्या! हातवारे नाहीत, आवाज चढवणं नाही. तंबूच्या मागून खाडीचा वारा यायचा आणि पडद्यावरची नदी त्या वाऱ्यानं हलायची, हे त्यांनी असं सांगितलं की मला स्वतःच्या छत्री फिरवण्याची लाज वाटली. नावाड्याच्या मुलीच्या एका पायातच पैंजण होतं, हे पुस्तिकेत नव्हतं. फेटा आला. नाव मध्यधारेत आली. अध्यक्षांचं पेन कागदावर टेकलं.

"तर त्यो तिचा मानूस नव्हताच," आत्याबाई म्हणाल्या. "त्याचा दोस्त व्हता. गिरनीतला. तिचा मानूस तापानं मेला, मरताना बोल्ला, माजा फेटा तिला दे. ह्यो बांधून आला. तोंड बघितलं तिनं आनि वल्हं हातातून पडला. मंग ती पान्यात. मंग बापूस घाटावरून हाका मारतो, मारतो. मंग देवाचं गानं. मंग खेल खलास."

मग घोडबंदरच्या वहिनी उठल्या.

"आजी, रागावू नका हं, पण तुम्ही दुसराच कुठला तरी बोलपट सांगताय."

"दुसरा कसा? नाव, फेटा, समदं त्येच."

"पण शेवट! शेवट आम्हाला पाठ आहे." त्यांचे यजमान छातीवर हात ठेवून म्हणाले, "आम्ही बाकी काही बघत नाही, फक्त शेवट बघतो. त्यात आमची चूक होणं शक्य नाही."

मागून कुणी म्हणालं, "वल्ह्याच्या आवाजाचं काय मग?" दुसरं कुणी म्हणालं, "वयोमानानं होतं असं." अध्यक्षांनी टोपण पेनाला लावलं आणि अगदी मऊ आवाजात, बँकेत सही न जुळलेल्या खातेदाराशी बोलावं तसं म्हणाले, "आत्याबाई, आमच्याकडे सहा वर्षांपूर्वीची लेखी नोंद आहे. जरा आठवून बघता का पुन्हा?"

शेठही कानकोंडे झाले. "आत्या, बघ ना जरा. तो परत येतो ना? वल्हवतो ना?"

जगात एकुलता एक माणूस होता ज्यानं तो बोलपट पाहिला होता, आणि तीस-पस्तीस माणसं त्याला सांगत होती की तुला आठवत नाही. आत्याबाईंनी सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मघाचा तो ठाम आवाज एकदम बारीक झाला.

"असंल बाबा," त्या म्हणाल्या. "माजंच डोकं आता… असंल तुमी बोलता तसं."

बायको माझ्याकडे बघत नव्हती. तिनं मुद्दाम भिंतीकडे तोंड केलं होतं. मी जिन्याकडे एकदा पाहिलं आणि हॉलच्या मधोमध गेलो.

"आत्याबाईंचं बरोबर आहे," मी म्हणालो. "अक्षर न् अक्षर बरोबर आहे. चूक माझी. माझी मावशीआजी आयुष्यात सिनेमाला गेली नव्हती. तो शेवट मी इथे, उभ्या उभ्या रचला. पेन ड्राइव्ह बिघडला होता."

अध्यक्षांनी फाइलमधलं पहिलं पान काढलं, चष्मा लावून खालची टीप वाचली आणि तिच्यावर आडवी रेघ मारली. पट्टी लावून. मग मान वर न करता विचारलं, "बाप घाटावर म्हणतो, तेही तुमचंच?"

"हो."

"छे," ते म्हणाले. "माझ्या मुलीच्या लग्नात मी ते वाक्य म्हटलंय हो." घोडबंदरच्या वहिनी हातरुमाल शोधत होत्या, या वेळी माझ्यावरच्या रागानं. कुणीतरी मागून "सहा वर्षं!" एवढंच म्हणालं. मला वाटलं, आता चप्पल घालावी आणि निघावं.

"थांब रं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांची पाठ पुन्हा ताठ झाली होती. "सगल्यांना पाठ हाय बोलतात तो तुजा शेवट मी नाय ऐकला. सांग."

"आत्या, आता कशाला," शेठ म्हणाले.

"तू गप. माजा ऐकला समद्यांनी. आता त्याचा मना ऐकायचाय."

मी सांगितला. छत्री नाही, आवाज लावला नाही, हात कुठे ठेवावेत तेच कळेना. पहिल्यांदाच तो माझा म्हणून सांगत होतो, आणि माझ्यासमोर बसलेल्या बाईनं त्या मुलीला सात वेळा बुडताना पाहिलं होतं. खाली गेलेला एक खांदा सांगितला. त्याच्या पायाशी टाकलेलं वल्हं सांगितलं. नाव काठाकडे निघाली. घाटावर बाप कान देऊन उभा राहिला, आणि मला दिसलं की अध्यक्षांचे ओठ माझ्याबरोबर हलताहेत. पण त्यांनी आवाज काढला नाही. वाक्य मीच म्हटलं.

आत्याबाई काही वेळ समोरच्या मोकळ्या भिंतीकडे बघत राहिल्या. गालावरून पाणी ओघळलं ते त्यांनी पुसलं नाही. मग खुर्चीच्या हातावर दोन्ही तळवे आपटून त्या माझ्यावर एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की बाहेर पार्किंगमधला वॉचमन आत डोकावला.

"मेल्या, मंग तवा कुठं व्हतास रं तू? साती दिस रडत घरी गेले ना मी!"